खासगी गाडीत सिगारेट ओढायला कायद्याने बंदी असावी का?

नीरजा_प
आमच्या सोसायटीतल्या चार घरांनी मुलांना शाळेत सोडायची पाळी लावून घेतली आहे. एक आठवडा एकाची गाडी, पुढचा दुसऱ्याची. त्यातले एक काका गाडी चालवताना सिगारेट ओढतात. मागे पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बसलेली. मी हळूच विषय काढला तर म्हणाले, "काच खाली असते की. आणि गाडी माझी आहे."

गाडी त्यांची आहे, हे खरंच. कायदाही त्यांच्याच बाजूने दिसतो. २००३ चा कोटपा कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतो. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. बस, रेल्वे, टॅक्सी असली सार्वजनिक वाहनं त्यात येतात, खासगी गाडीचा उल्लेखच नाही.

माझं मत सांगते. एकटे असाल तर खुशाल ओढा. पण गाडीत अठरा वर्षांखालचं मूल असेल तर बंदी हवी. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात असे कायदे आहेत असं वाचलंय. तिकडे राहणाऱ्यांनी अनुभव लिहावेत. आणि आपल्याकडे आला तर तो पाळला जाईल, की कागदावरच राहील?

पेठकर पप्पू
आधी लाल सिग्नलला थांबायचं असतं एवढं पुण्यात अमलात आणू. सिगारेटचा नंबर त्यानंतर.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

झुरकेबाज
आयडीवरून माझा पक्ष कळला असेलच.

आधी ऑफिसातल्या टेबलावरून जिन्यात पाठवलंत, जिन्यातून गच्चीवर, गच्चीवरून गेटबाहेर. गेटबाहेर माझी गाडी उभी असते. आता तिथूनही उठवा! सरकार एकदा गाडीत शिरलं की पुढचा मुक्काम बेडरूममध्ये.

लहान मुलांसमोर मी ओढत नाही. पण ते माझं मी ठरवलंय, हवालदाराने नाही. नीरजाताई, तुमच्या प्रश्नाला कायदा कशाला हवा? त्या गाडीतून मुलाला पाठवू नका. विषय संपला.

नीरजा_प
माझ्या मुलाचा संपेल. काकांच्या स्वतःच्या नातवाचा?

सुमेधा_लेस्टर
नीरजा, इकडचं सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदी आहे. गाडीत अठरा वर्षांखालचं कोणी असेल तर कोणीच ओढायचं नाही. दंड ५० पौंड, आणि तो ओढणाऱ्याला तर होतोच, पण त्याला अडवलं नाही म्हणून ड्रायव्हरलाही होऊ शकतो. काच खाली होती, सनरूफ उघडं होतं, एसी चालू होता, यातलं काहीही चालत नाही. टप पूर्ण खाली केलेली उघडी गाडी असेल तर मात्र सूट. आणखी एक गंमत म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा एकटाच गाडी चालवत ओढत असेल तर त्यालाही सूट. ई-सिगारेट या कायद्यात धरलेलीच नव्हती.

स्कॉटलंडने डिसेंबर २०१६ मध्ये आणला, तिथे १०० पौंड. उत्तर आयर्लंडला २०२२ उजाडलं.

आता खरी गोष्ट. दंड झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पोलिसांनी पहिल्यापासून सांगितलं होतं की आम्ही समज देण्यावर भर देऊ, आणि पावत्या खरोखरच फार थोड्या फाडल्या गेल्या. त्यावरून विरोधकांनी भरपूर हसून घेतलं. पण बदल झाला. तेरा ते पंधरा वयाच्या मुलांना विचारलं होतं, गाडीत नेहमी धूर असतो का. इंग्लंडमध्ये २०१४ साली हो म्हणणारे सहा टक्क्यांच्या आसपास होते, २०१६ साली दोन टक्क्यांच्या खाली आले. स्कॉटलंडमध्ये तेव्हा कायदा नुकताच येत होता. तिथेही प्रमाण घटलं, पण इतकं नाही.

झुरकेबाज
म्हणजे दंड न करताच लोक सुधारले. मग कायदा कशाला, पाटी लावली असती तरी चाललं असतं.

सुमेधा_लेस्टर
पाट्या आधी भरपूर लावून झाल्या होत्या. २०१४ च्या फेब्रुवारीत संसदेत मतदान झालं तेव्हा खासदारांना पक्षादेश नव्हता. बाजूने ३७६, विरोधात १०७. विरोध करणारे तुमचंच बोलत होते, गाडीनंतर घर म्हणून. इतकी वर्षं झाली, घरात अजून कोणी आलेलं नाही.

आकडेमोड्या
बंद गाडीतला धूर एखाद्या धुराने भरलेल्या बारपेक्षा २३ पट विषारी असतो. जगभरच्या आरोग्य संस्था हे सांगतात. आणखी चर्चा कशाला पाहिजे?

तळटीप
थांबा. हा २३ पट आकडा फार मजेशीर आहे.

रॉस मॅकेन्झी आणि बेकी फ्रीमन या दोन संशोधकांनी त्याचा माग काढला आणि २०१० मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. एका लेखात दुसऱ्याचा हवाला, दुसऱ्यात तिसऱ्याचा, असं मागे मागे जाता ते पोचले १९९८ च्या अमेरिकेतल्या एका स्थानिक वर्तमानपत्रापर्यंत. तिथे कुणाच्या तरी तोंडी हे वाक्य होतं. त्यामागे मोजमाप केलेला अभ्यास सापडलाच नाही. तोवर तो आकडा निरनिराळ्या देशांतल्या पत्रकांत आणि भाषणांत जाऊन बसला होता. पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेही तोच वापरला, आणि टीका झाल्यावर ११ पट असा बदलला.

मॅकेन्झी-फ्रीमन हे तंबाखू कंपन्यांचे वकील नव्हेत, दोघंही तंबाखूविरोधी संशोधनातलेच. त्यांचं म्हणणं इतकंच की आपली बाजू मुळात भक्कम असताना बनावट आकड्याच्या कुबड्या कशाला? समोरच्याला आयतं कोलीत मिळतं.

आकडेमोड्या
बरं, ११ पट तर ११ पट. तुम्ही पोरांना बसवणार का त्यात?

तळटीप
नाही.

पेठकर पप्पू
२३ वरून ११. मंडईत याला घासाघीस म्हणतात.

गोदाकाठचा डॉक्टर
बालरोगाची प्रॅक्टिस आता मुलगा बघतो, म्हणून इथे लिहायला वेळ आहे.

पटीचा वाद बाजूला ठेवा. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोगाला कारण ठरणारी. ओढणारा झुरका घेतो तो थोडा वेळ. बाकी वेळ सिगारेट बोटांत नुसतीच जळत असते, आणि तो टोकाचा धूर फिल्टरमधून न जाता थेट हवेत येतो. गाडीसारख्या लहान जागेत तो जाणार कुठे? काच खाली केली की कमी होतो, हे खरं. नाहीसा होत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट आहे की दुसऱ्याच्या धुराची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, अशी पातळीच नाही.

मुलांचं वेगळं काय? चार वर्षांचं मूल मिनिटाला वीस ते तीस वेळा श्वास घेतं, आपण बारा ते वीस. श्वासनलिका अरुंद. सर्दी झाली की कान दुखणार, कान वाहणार, दमा असेल तर उसळणार. माझ्याकडे वर्षानुवर्षं अशी मुलं यायची. मी विचारायचो, घरात कोणी ओढतं का? आई खाली बघायची. बाप म्हणायचा, "घरात नाही डॉक्टर, फक्त गाडीत." जणू गाडी म्हणजे गच्ची.

झुरकेबाज
डॉक्टर, तुमच्याशी वाद नाही. माझा मुद्दा कायद्याचा आहे, फुप्फुसाचा नाही.

रंकाळ्याचा रवी
मंडळी, एक सांगू का? तुमी पुण्या-मुंबईच्या चष्म्यातनं बघताय. आमच्याकडं गाडीत सिगारेट ओढणारा शोधायला लागतोय. गाडी सुरू व्हायच्या आधी तळहातावर चुना-तंबाखू मळायला सुरुवात.

सरकारचाच २०१६-१७ चा तंबाखू सर्व्हे बघा. महाराष्ट्रात मोठ्या माणसांत ओढणारे ३.८ टक्के, आन् तोंडात धरणारे २४.४ टक्के. तुमी चार टक्क्यांच्या मागं लागलाय आन् चोवीस टक्के सिग्नलला दार किलकिलं करून पिचकारी मारत्यात. माझ्या पांढऱ्या स्विफ्टच्या डाव्या बाजूला बघा, रंगपंचमी बारा महिने.

पेठकर पप्पू
रवीभाऊ, दार किलकिलं करणारे सुसंस्कृत. आमच्याकडे चालत्या बसच्या खिडकीतून येते, बिनसूचनेची.

बुलेटवाली
अवांतर वाटेल, पण माझ्यासाठी हाच मुद्दा आहे. आत बसलेल्यांचं सोडा, मागून येणाऱ्या दुचाकीचं काय? खंबाटकीच्या घाटात पुढच्या गाडीतून थोटूक बाहेर फेकलं, ते जळतं थेट माझ्या जाकिटाच्या कॉलरमध्ये. एका हाताने मान झटकत दुसऱ्या हाताने वळण घ्या. गाडी माझी, धूर माझा, मग थोटूकही तुमचंच ना? ठेवा आत.

गाडीतले लोक हातही बाहेर काढून ओढतात, म्हणजे सीटवर राख पडायला नको. राख आमच्या डोळ्यात.

झुरकेबाज
थोटूक बाहेर फेकणाऱ्याला फटके द्या, मी धरायला येतो.

विदा_नको
नवऱ्याने सिगारेट गाडीत ओढू नये म्हणून मी गाडीतलं लायटर सॉकेट चार्जरने कायमचं भरून टाकलंय. घरगुती कायदा. अंमलबजावणी शंभर टक्के.

ॲड. मसुदा
वकिली चष्म्यातून थोडं लिहितो. लांबेल.

सार्वजनिक धूम्रपानबंदीत आपला मुंबईचा वाटा आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दवाखाने, शाळा, वाचनालयं, कोर्टाच्या इमारती, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं इथे बंदी घातली. कोटपा त्यानंतरचा. त्याआधी दिल्लीने १९९६ मध्ये आणि गोव्याने १९९७ मध्ये स्वतःचे कायदे केले होते. गोव्याच्या कायद्यात तर थुंकणंही होतं, रवीभाऊंनी नोंद घ्यावी.

आता गाडी. कोटपात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना प्रवेश आहे अशी जागा, मग तो हक्काने असो वा नसो. साधारण असेच शब्द बिहारच्या दारूबंदी कायद्यात आहेत. तिथे खासगी गाडीतून येणाऱ्या काही जणांना तपासणी नाक्यावर प्यायलेले म्हणून पकडलं. गाडी आमची खासगी आहे, असा त्यांचा बचाव. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. सार्वजनिक रस्त्यावर असलेल्या गाडीपर्यंत लोक पोचू शकतात, म्हणून त्या कायद्यापुरती ती सार्वजनिक जागा. सतविंदर सिंग सलुजा विरुद्ध बिहार राज्य.

दोन वर्षांनी त्याच न्यायालयात बूटा सिंग विरुद्ध हरियाणा. अमली पदार्थांचा खटला, रस्त्यावर उभी असलेली खासगी जीप. तिथे निर्णय उलट: खासगी वाहन सार्वजनिक जागेत मोडत नाही. पोलिसांनी झडतीचे नियम पाळले नव्हते, आरोपी सुटले.

आणि २०२१ चा एप्रिल आठवतोय? गाडीत एकटा असलास तरी मास्क लाव, गाडी सार्वजनिक जागाच आहे, असं दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं होतं.

म्हणजे गाडी खासगी की सार्वजनिक हे गाडीवर नाही, कोणता कायदा समोर आहे त्यावर ठरतं. उद्या एखाद्या हवालदाराने बिहारच्या निकालाचा आधार घेऊन झुरकेबाजांना कोटपाखाली पावती दिली तर वाद घालायला दोन्हीकडे जागा आहे. म्हणूनच मला वाटतं, विधिमंडळाने सरळ लिहावं: मूल गाडीत असेल तर नाही, नसेल तर चालेल. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीतला विषय आहे, महाराष्ट्राला दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही.

झुरकेबाज
वकीलसाहेब, हवालदाराच्या हातात आणखी एक पावतीपुस्तक द्यायचं आणि मग आशा करायची की तो ते नीट वापरेल? "साहेब, मागे पोरगं आहे, दंड होईल, बघा काय ते." पोरगं खाली उतरेपर्यंत व्यवहार आटपलेला असेल.

पेठकर पप्पू
पोरगं सतरा वर्षं अकरा महिन्यांचं निघालं तर मामा आधार कार्ड मागणार. मग फोटोवरून ओळखणार नाहीत. मग सगळे चौकीत.

सिडनीची सई
इथे न्यू साउथ वेल्समध्ये वयाची रेषा सोळा आहे, जुलै २००९ पासून. दंड २५० डॉलर. ऑस्ट्रेलियात सगळ्यात आधी साउथ ऑस्ट्रेलियाने आणला, २००७ मध्ये. वयावरून चौकात वाद होतोय असं चित्र मी तरी पाहिलेलं नाही. मागच्या सीटवर बेबी सीट आणि पुढे सिगारेट, यात वकिली करायला फारसं काही उरत नाही.

पोर्टलुईकर
पुण्याहून नोकरीसाठी मॉरिशसला आलो आहे. इथे तर मुलांचाही प्रश्न नाही. खासगी गाडीत दुसरा कोणीही प्रवासी असेल तर ओढायचं नाही, २००९ पासून. मला हे जास्त पटतं. सोळा की अठरा हा घोळच नको. एकटे असाल तर तुमचं फुप्फुस, तुमचा धूर.

इथल्या मराठी मंडळींत गणपतीच्या मिरवणुकीला जाताना गाडी बाजूला लावून, खाली उतरून ओढणारे काका मी पाहिलेत. मुकाट उतरतात. सवय.

माहेरवाशीण
बराच वेळ नुसती वाचत होते. सगळे पोलिसांवर बोलतायत. मला पोलिसांचं काही पडलेलं नाही.

आमच्याकडे सासरे गाडी चालवतात. वय झालंय, पण स्टिअरिंग सोडत नाहीत आणि सिगारेटही. गावी जाताना मी मागे दोन्ही मुलांना घेऊन. धाकट्याला दमा. त्यांना कोण सांगणार? नवरा म्हणतो, "बाबांना काय बोलू?" मी बोलले तर सून उलट बोलली. मोठीने एकदा "आजोबा, वास येतो" म्हटलं तर तिलाच गप्प केलं सगळ्यांनी, मीसुद्धा. झुरकेबाज म्हणतात पाठवू नका. मी काय एसटीने मागून येऊ?

मला पावती नकोय. मला एवढंच म्हणता यायला हवंय की "बाबा, आता कायदा झालाय, पकडतात." म्हणजे मी वाईट नाही, नवरा वाईट नाही, सरकार वाईट. सासरे सरकारला चार शिव्या घालतील आणि गाडी थांबवून बाहेर ओढतील. सीटबेल्टचं असंच झालं. मी सांगून सासरे लावत नव्हते, हजाराचा दंड ऐकल्यावर लावायला लागले. त्यांना अजून कोणी पकडलेलं नाही.

सुमेधा_लेस्टर
+१००. इकडे नेमकं हेच घडलं. आजी-आजोबांच्या गाडीत मुलांना पाठवताना माझ्या मैत्रिणी हेच वाक्य वापरतात.

गोदाकाठचा डॉक्टर
माहेरवाशीण, धाकट्याच्या डॉक्टरांना सांगा, पुढच्या वेळी सासऱ्यांना बरोबर बोलवा म्हणावं. आणि इनहेलर कसा द्यायचा ते आजोबांनाच शिकवायला सांगा, सुनेला नाही. मी हे करायचो. बऱ्याचदा उपयोग व्हायचा.

झुरकेबाज
माहेरवाशीण यांच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तरी मला भीती वाटते ती अशी, की आपण घरात बोलायची हिंमत नाही म्हणून प्रत्येक गोष्टीला कायदा मागायला लागू. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बघा. न पाळलेल्या कायद्याने बाकीच्या कायद्यांचीही किंमत जाते.

ॲड. मसुदा
गुटख्याच्या बंदीमागे विकणाऱ्याचा धंदा आहे, म्हणून ती फुटते. मुलासमोर गाडीत न ओढण्यात कोणाचा धंदा बुडतो? तुम्ही सिगारेट घेणारच, फक्त घरी पोचल्यावर पेटवणार.

संपादक
ई-सिगारेटवरची २०१९ ची बंदी कोणत्या पक्षाने कोणासाठी आणली, या विषयावरचे प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणाला वेगळा धागा काढा.

पेठकर पप्पू
माझा होता. चांगला होता.

जुनागाडीवाला
चिंचवडला जुन्या गाड्यांचा व्यवसाय आहे. कायदा राहू द्या, हिशोब सांगतो. ओढणाऱ्याची गाडी दार उघडल्याबरोबर कळते. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं रूफ लायनिंग पिवळट, सीटला बारीक भोकं, एसी लावला की पहिल्या मिनिटात शिळा भपका. निकोटीन कापडात, फोममध्ये, एसीच्या नळ्यांत बसतं. गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं असेल तर ती बसतच नाही, व्यवहार तिथेच संपतो. त्यामुळे आम्ही घेतानाच भाव पाडतो.

नीरजा_प
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वाचून मत थोडं सरकलं आहे. अठरा वर्षांच्या रेषेपेक्षा पोर्टलुईकरांचा "दुसरा कोणी असेल तर नाही" हा नियम सोपा वाटतोय, म्हणजे गरोदर बाई, म्हातारी माणसं सगळेच आले. झुरकेबाजांचं एकट्याचं स्वातंत्र्यही शाबूत.

काकांचं विचारताय म्हणून: त्यांची पाळी बंद केली नाही, कारण मग त्यांच्या नातवाला कोण आणणार. त्यांच्या आठवड्यात गाडी त्यांची असते, चालवते त्यांची सून. ते मागे बसतात. मागे बसून ओढायची त्यांना लाज वाटते, असं तीच म्हणाली.

माहेरवाशीण
सुनेला लायसन्स आहे, नशीबवान. मी या महिन्यात क्लास लावतेय.

घाईत_वाचक
धागा वाचला नाही पूर्ण. जुनागाडीवाले, मी नुकतीच सेकंडहँड वॅगन आर घेतली, आधीचा मालक ओढणारा होता बहुतेक. वास जायला काय करू? परफ्यूम लावून बघितला, आता गाडीत बसलं की उलटी होते.

जुनागाडीवाला
परफ्यूम आधी फेका. केबिन फिल्टर बदला, डॅशबोर्डच्या खणामागे असतो, स्वस्त आहे. सीट कव्हरं, मॅट काढून टाका, फोम वाफेवर धुऊन घ्या. काचा आतून साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं पिवळं होईल. रूफ लायनिंग फार ओलं करू नका, चिकटलेलं सुटून डोक्यावर लोंबतं. मग दोन-चार दिवस उन्हात दारं उघडी. पावसाळ्यात मात्र हे करू नका.

झुरकेबाज
माझ्या २०१६ च्या आय-ट्वेंटीला काय येईल हो? एकहाती वापरलेली, कागदपत्रं क्लिअर.

जुनागाडीवाला
घेऊन या. काचा वर करून या.